आधी होडी बंद करा

कचेरीच्या रांगेत रेश्मा दाखल्यासाठी उभी होती. तिच्या पुढं जेऊरकडचा म्हातारा नावाडी कुंडलिक आणि त्याच्याच गावची मथुराबाई बोलत होते.

“काल होडी मधीच रुतली म्हनं, तात्या?”

“व्हय. धरनाच्या पान्यात आता निम्मा गाळच हाय. वर केंदाळाचं हिरवं रान माजलंय, वासानं नाक फुटतंय. अकरा मानसं होती होडीत, त्यात तुजी नात.”

“पोरगी म्हनली, तात्या लई वरडलं.”

“वरडू न्हाय तर काय? एक जन खाली उतराय निगाला हुता. मी बांबू टेकवला, तर अख्खा गाळात गेला. वर आलाच न्हाय. मानूस गेला असता की!”

“मग गाळ काढा म्हनायचं सायबाला.”

“तीन वर्सं म्हनतुय. आज म्हननार, होडी बंद करा.”

“अवं, मग पोरींची शाळा? रस्त्यानं दोन तास लागत्यात!”

“लागू दे. जित्त्या तर ऱ्हातील.”

मथुराबाईनं मागं वळून रेश्मापुढं कोरा कागद धरला.

“बाई, अर्ज लिवता का? गाळ काढा म्हनून लिवा.”

“थांबा,” कुंडलिक म्हणाला. “आदी होडी बंद करा, आसं लिवा. गाळाचं मागनं.”

“पण तात्या, तुमचं पोट होडीवरच ना?” रेश्माला राहवलं नाही.

“व्हय. म्हनून तर खाली माजी सही घ्या. नावाडीच बंद करा म्हनतुय म्हनल्यावर तरी सायबाला खरं वाटंल.”