मांगचं गेट

भाव पडलेल्या त्या वर्षी, घाटंजीच्या कापूस खरेदी केंद्राच्या रांगेत उकंडाची बैलबंडी दोन दिवस अडकली होती. त्याच्या मागच्या बंडीवर हुस्नाबी अन् तिचा नेट कॅफेवाला भाचा आसिम बोलत होते. उकंडानं कान टवकारले.

"खाला, राउटर म्हणजे नाक्यावरचा डब्बा. वाटा सारख्या असल्या त नेटचा माल अर्धा-अर्धा वाटते. नाई त शेजारच्या डब्ब्याले विचारते, मोकळी वाट कोणती?"

"अन् शेजारी खोटं बोलला त?"

"तरी तिकडंच पाठवते."

"बावळटच हाय!" हुस्नाबीनं पुढं हाक मारली. "उकंडाभाऊ, केंद्राचं मांगचं गेट मोकळं हाय बरं."

उकंडा गालात हसला. "मी सारं ऐकलं, भाभी. मी नाई हालत."

"तुमची मर्जी," म्हणत हुस्नाबीनं आपले बैल मागच्या गेटाकडं वळवले.