बिनखिशाचा एप्रन

नाही नाही मॅडम, त्या खुर्चीवर नका बसू — तिचा पाय दगा देतो, मागे बँकेचे साहेब पडता पडता वाचले — इथे बसा, पंख्याखाली. दार लोटून घेतो हं, मशिनींचा आवाज फार. तर काय विचारत होतात? हां, ती कोपऱ्यातली बाई, जिच्या एप्रनला खिसा आहे ती. सगळ्या शिकाऊंचे एप्रन बिनखिशाचे आणि हिच्याच एप्रनला कसा — नजर बारीक आहे हं तुमची! लावला असेल हौसेनं. आणि लावलाय काय सुंदर, असा टाका आमच्या बॅगांनाही नाही — म्हणजे आहे, आहे, आमच्या मालाला असाच असतो टाका, ते नका लिहू.

नवीच आहे ती. गेल्या महिन्यात लागली, कागदावर आहेच की. कागदावर म्हणजे — कागदावरही आहे, असं म्हणायचंय मला. आता तुमची ही सरकारी योजना घ्या, जिच्या तपासणीला तुम्ही आलात. अनुदानातून मशिनी आल्या, झकास आल्या, नाही कोण म्हणतं? पण पुढचं प्रोत्साहन कशावर? नवी माणसं किती लावली त्यावर. आणि जुनी माणसं टिकवली त्याचं काय? काही नाही! माल उठत नव्हता तेव्हा बायकोचे दागिने मोडून पगार केले मी, त्याला आहे का तुमच्याकडे काही? नाही. मग माणूस काय करणार? जुन्यांनाच म्हणणार — बायांनो, आज काम सोडा आणि उद्या नव्या म्हणून या — हे मी आमचं नाही सांगत हं, लोक करतात असं. सर्रास करतात. चहा घ्या ना, निवतोय.

मघाशी तुम्ही तिला विचारलंत, इतका सफाईदार हात, कुणी शिकवलं? मी मागेच उभा होतो. म्हटलं, आता ही खरं बोलणार आणि माझं पितळ उघडं पडणार. आणि ती काय म्हणाली? ‘मालकांनी शिकवलं.’ मान खाली घालून. मालकांनी! मॅडम, जन्मात कधी तिनं मला मालक म्हटलेलं नाही. बारक्या म्हणते. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा बारक्या, चारचौघांत — थोरली बहीण आहे हो माझी. सख्खी. वडील गेल्यावर लोकांच्या फाटक्या बॅगा शिवून तिनं घर चालवलं. मला मशिनीवर बसवलं तेही तिनंच — माझे पाय पोचायचे नाहीत, ती खाली बसून हातानं पायटा हलवायची आणि मी वर टीप मारायचो. वाकडी गेली की टपली मारायची आणि स्वतःच उसवून द्यायची.

एप्रन मीच दिला तिच्या हातात. शिकाऊंचा, पिवळा. वाटलं, तोंडावर फेकेल, चार शिव्या घालेल — घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं उलटसुलट करून बघितला आणि एवढंच म्हणाली, ‘याला खिसा नाही का रे?’ तिचा खडू, तिची कात्री, सगळं खिशात लागतं तिला. मी म्हटलं, शिकाऊंच्याला नसतो ताई. शिकाऊंच्याला! कुणाला म्हणालो मी हे? जीभ कशी झडली नाही माझी? लाज वाटते मॅडम, मघापासून इतकी लाज वाटतेय की — पण हे मी तुम्हाला का सांगतोय? तुम्ही लिहीत नाही आहात ना? लिहिताय? लिहा, लिहा. नाही, थांबा जरा, ते प्रोत्साहन मिळालं की सगळ्यांचे पगार वाढवणार होतो मी, खरंच सांगतो, पहिला तिचा —

ये, ये ताई. मॅडमच आहेत, बोल की. काय? एप्रन काढलास कशाला? अगं, घडी घालून ठेवतेस काय, तुझाच आहे तो. आता येईल त्या नवीन मुलीला होईल म्हणून? कुठली नवीन मुलगी, ताई? आणि — खिसा कुठाय? उसवलास? एवढा चांगला लावला होतास आणि उसवलास? नको ना असं ‘मालक’ म्हणू, मी सांगितलंय त्यांना सगळं, त्यांना माहीत आहे आता. ताई, अगं चपला काय घालतेस, सुट्टी कुठे झालीय अजून — ताई —

गेली.

काय? झाली सही अहवालावर? एवढं सगळं ऐकून? असं होय, तुम्हालाही वरून आकडा दिलाय, इतकी नवी माणसं दाखवा म्हणून. तुमचंही प्रोत्साहन त्याच्यावरच — नाही, अभिनंदन नको मॅडम. हात नका पुढे करू. निघा तुम्ही. दार उघडंच आहे.