वैद्यकाकांनी प्यायलेली नदी

मला दचकायला निमित्त लागत नाही, हे घरात सगळ्यांना माहीतच आहे. पण त्या दिवशी मी किंचाळले ते उगाच नव्हतं.

कॉलेजच्या प्रात्यक्षिकासाठी मी गाढी नदीतल्या दगडांखालच्या बारीक अळ्या धरून आणल्या होत्या. पाणी चांगलं असेल तिथेच त्या जगतात, घाण झालं की मरतात. म्हणून त्यांच्यावरून नदीची परीक्षा करायची. घरातल्या सगळ्या बरण्या आईने लोणच्याला घेतलेल्या, तेव्हा मी अळ्या पाण्यासकट तांब्यात घालून ओटीवर ठेवल्या.

तेवढ्यात शेजारचे वैद्यकाका उन्हातून आले. पोटाच्या दुखण्यावर अख्खं पनवेल त्यांच्याकडे जायचं. मी "अहो, ते..." म्हणेपर्यंत त्यांनी तांब्या उचलून, मान वर करून, घटाघटा तोंडात ओतलासुद्धा. सोवळ्याचे म्हणून वरून प्यायचे; तांब्याला तोंड लावलं असतं तर आतलं दिसलं तरी असतं!

"काका, त्यात अळ्या होत्या!"

"कसल्या अळ्या?"

"नदीतल्या. विषारी नाहीत हो! फार नाजूक असतात. स्वच्छ असेल तिथेच जगतात, जरा घाण लागली की मेल्याच."

आई धावत आली. "भावजी, मिठाचं पाणी देते. उलटी झाली की सगळं बाहेर पडेल."

वैद्यकाकांनी पोटावरून सावकाश हात फिरवला.

"नको वहिनी," ते म्हणाले. "मेलेल्या निघाल्या, तर उद्यापासून माझ्याकडे पोट दाखवायला कोण येईल?"