शेवया, खेकडा आणि तिसरा मजला

...नाही, तू प्रत्येक गोष्टीला मान डोलावतोस ना, तिथेच मला वास आला. इंग्रजी शिकायला आलास का विचारलं — मान डोलावलीस. घर बघायला आलास का विचारलं — तरी डोलावलीस! एका जिन्याने माणूस दोन कामांना चढत नाही, पोरा. बस. बस इथे बाकावर, बाक काही माझ्या बापाचा नाही. इंग्रजीची मास्तरीण अग्निया ल्वोव्हना कुठे पळून जात नाही — तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि गुडघे सत्तरीचे. सूर्यफुलाच्या बिया घे. सालं खाली थुंक, सगळे थुंकतात. आणि आधी ते हसणं बंद कर. आल्यापासून हसतोयस. मला ओळखतोस? नाही. मी काही विनोद केला? अजून तरी नाही. मग? आमच्या रिबिन्स्कात अनोळखी माणसाकडे बघून फुकटचं कोण हसतं? दोघंच — एक वेडा आणि दुसरा घरांचा दलाल. वेडा तू नाहीस, तुझे बूट फार चांगले आहेत.

बरं, शिकायलाच आलास म्हणू. मग परीक्षा देशील. मी, येफिम सावेलिच, तिचा सगळ्यात जुना विद्यार्थी — हसू नको म्हटलं ना! सातवीत शाळेने मला सोडलं, मी शाळेला सोडलं, दोघांनाही हायसं वाटलं. पुढे जन्मभर व्होल्गावर बोट हाकली. पण इंग्रजांचे वाक्प्रचार मला विचार! बाकीचे मास्तर अर्थ सांगून मोकळे होतात, ही नाही सांगत. एक वाक्प्रचार कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला चिकटवते आणि म्हणते, याची जुळी बहीण तुमच्या आईच्या तोंडची शोधून आणा, मग पुढचा देईन. आणि चहाही मगच. आता बघ — इंग्रज म्हणे समोरच्याची तंगडी ओढतो. पडतो का तो? नाही पडत. मग कसली ओढाओढ? तर थट्टा, फसवाफसवी. आणि आपण रशियन काय करतो? समोरच्याच्या कानांवर शेवया टांगतो! सांग, जास्त अक्कल कशाला लागते? तंगडी कुणीही ओढेल. शेवया आधी उकडाव्या लागतात, निथळाव्या लागतात, आणि त्याला पत्ता न लागता टांगाव्या लागतात — दोन्ही कानांवर सारख्या! ते माझं काम. आमच्या बोटीवर मला शेवयावाला सोडून दुसरं नावच नव्हतं.

दुसरा घे. डुकरं उडतील तेव्हा — म्हणजे कधीच नाही. आपला खेकडा डोंगरावर चढून शिट्टी मारतो, तेव्हा. हिवाळ्यात मी तिला सहज विचारलं — अगदी सहज, चहा ढवळता ढवळता — अग्निया ल्वोव्हना, घर विकायचं वगैरे मनात नाही ना तुमच्या? म्हणाली, खेकड्याची शिट्टी ऐकू आली की कळवीन. मी खूश! आणि पुढच्याच आठवड्यात जाहिरात. हो, याच दारावर, खाली फोन नंबरांच्या चिठ्ठ्या कापून, फाडून घेऊन जायला. सगळ्या चिठ्ठ्या पहिल्याच दिवशी संपल्या. कुणी फाडल्या? मला काय माहीत. तिने नवी लावली, त्याही संपल्या. वारा असतो इथे, नदीवरून येतो.

तरी माणसं यायचीच. एक नवराबायको आले — मी म्हटलं या, या, घर सोन्यासारखं आहे, फक्त वरच्या मजल्यावर ट्रॉम्बोनवाला राहतो, पहाटे सराव करतो. वरच्या मजल्यावर कोण राहतं? मी! ट्रॉम्बोन मी जवळून पाहिलासुद्धा नाही. दुसरा आला लठ्ठसा, त्याला सांगितलं, बर्फ वितळला की तळघरात पाणी भरतं आणि बेडूक जिन्याने वर येतात. कुठपर्यंत, म्हणाला. म्हटलं तिसऱ्यापर्यंत, चौथ्याला दमतात. गेला! टोपी विसरून गेला, ही बघ, माझ्या डोक्यावर आहे, जरा सैल होते. म्हणून म्हणतो, तू घर बघायला आला असशील तर आत्ताच सांग, तुझ्यासाठी काहीतरी ताजं काढतो.

का म्हणून काय? मला काय पडलंय! नवा शेजारी नको, एवढंच. नवी माणसं भिंतींना भोकं पाडतात. आणि तिला तिकडे जाऊन करायचंय काय? लेक आहे ना तिची, तास्या, ती कॅनडात, विनिपेगला. दर रविवारी फोन — आई ये, आई ये. कुणा तिकडच्याशीच लग्न केलंय, तो म्हणे फार चांगला आहे. असेल. मी विचारतो, इंग्रजी शिकवणारी बाई इंग्रजी बोलणाऱ्यांच्या गावात जाऊन कुणाला शिकवणार? आपण म्हणतो, तूलाला स्वतःचा चहाचा समोवार घेऊन जाणं — गावच समोवार बनवणाऱ्यांचं! इंग्रज कोळशाच्या गावाला कोळसा नेतो. ही जोडी मीच जुळवली होती, तेव्हा टाळी वाजवली तिने. खरंच वाजवली. अशी — मोठ्याने नाही, बोटांनीच. त्या दिवशी मी घरी येऊन शर्टाला इस्त्री — कोण म्हणालं इस्त्री? बिया खा तू.

आणि एक गंमत सांगतो, पण तोंड बंद ठेव. फ्रिजवर जो वाक्प्रचार आहे ना, तो तिच्या पुस्तकातला शेवटचा. झुडपाच्या भोवतीभोवती झोडपत बसणं. नवीन विद्यार्थी यायचे बंद झाले, पोरं सगळी फोनवर शिकतात, उरलो मी. त्याची जुळी मला त्याच क्षणी सुचली होती — गरम लापशीभोवती फिरणारं मांजर! आजी रोज म्हणायची मला. पण मी सांगितलीच नाही. दर मंगळवारी जातो, डोकं खाजवतो, म्हणतो नाही हो सापडत, म्हातारा झालो. ती म्हणते, शोधा, येफिम सावेलिच, घाई नाही. म्हणजे सगळं बोलायचं पण खरं ते सोडून, तोच ना अर्थ — हसलास! आता का हसलास? आता मी काय विनोद केला?

थांब. तू म्हणून दाखव. झुडूप, झोडपणं, तुझ्या त्या इंग्रजीत. म्हण.

...पुन्हा म्हण.

असं तर तिच्या तोंडूनही निघत नाही. हे कुठे शिकलास? कुठेच नाही? मग काय, आईच्या पोटातून? ...आईच्याच. आणि आई कुठली?

विनिपेग.

अहो. अहो, तुम्ही — जावईबापू की काय? मग आधी बोलायचं नाही का! आमच्याकडे कुणी असं बघून हसलं की माणूस आधी खिसा चाचपतो, तुमच्याकडे म्हणे नमस्काराच्या जागी हसतात, मला काय ठाऊक! रशियन समजतं का तुम्हाला? थोडं थोडं. थोडं म्हणजे किती थोडं? ट्रॉम्बोन समजला? बेडूक? ...इस्त्री?

बरं, हे वर काही बोलू नका. मी म्हातारा आहे, बडबडतो, अर्धं खोटं असतं. अर्ध्याहून जास्त. तुमच्या सासूबाईंना कशाला — का वर बघताय? काय आहे वर?

तिची खिडकी उघडी आहे.

कधीपासून उघडी आहे?

या, अग्निया ल्वोव्हना, सावकाश, ती पायरी हलते. आम्ही आपलं हवापाण्याचं — सुटकेस कशाला? आणा ती इकडे. आज? आजचीच गाडी? पण घर कुठे विकलंय अजून! ...न विकताच. कुलूप लावून. हं. म्हणजे मी इथे दारात बसून घर अडवलं, आणि बाई त्याच दारातून निघाली. शाबास, येफिम. सगळं ऐकलंत? तेही? नाही, ते मी उगाच, या पोराला — यांना — करमावं म्हणून...

अहो जावईबापू, सुटकेस घेऊन धावता कुठे? असं निघत नाहीत. ठेवा ती खाली. वाटेला लागायच्या आधी बसायचं असतं, सगळ्यांनी, जाणाऱ्याने आणि राहणाऱ्यानेही, आणि बसल्यावर एक अक्षर बोलायचं नाही, नाहीतर प्रवास नीट होत नाही. सरका तिकडे. त्या मध्ये बसतील.

बसलात, अग्निया ल्वोव्हना? मला फक्त एकच, अगदी एकच सांगायचं होतं, तेवढं सांगतो आणि मग —

बरं. बरं. नाही बोलत.