तिसरा ड्रॉवर

दवाखान्यात माझ्या शेजारी फ्रीजवाला मिस्त्री आणि त्याची बायको बसले होते.

"आता आपलाच नंबर. माझ्या ऑपरेशनची चिठ्ठी काढून ठेवा."

"काढतो गं. सकाळी त्या हॉटेलात फ्रीजचे ड्रॉवर बसवले ना, तिसऱ्याचं रबर घट्ट बसलं की नाही, जीव नुसता टांगणीला लागलाय."

"तपासलं नाहीत?"

"तपासलं की! कागद अर्धा आत धरून ड्रॉवर लावायचा आणि कागद ओढायचा. सहज निघाला तर रबर सैल. मग गार हवा बाहेर, सगळा माल नासणार."

"मग निघाला का?"

"तेच आठवत नाही. तेवढ्यात तुझा फोन आला, उशीर होतोय म्हणून."

"घ्या, माझ्यावरच ढकला! चिठ्ठी काढा आधी."

"अगं, याच खिशात होती..."

"कागद कुठला घेतला होतात?"

"निघाला नाही गं तो. रबर घट्टच बसलंय."