डाव्या मागच्या चाकाची हवा

मी, कॉरीन मे बॅलार्ड, वय २६ वर्षे, धंदा नोकरी (वाहन वजन तंत्रज्ञ), शिक्षण यांत्रिकी पदविका, राहणार ट्रेलर तळ, जागा क्रमांक ४१, सॅंड वेल्स, ॲरिझोना. आज मंगळवार, दि. १० मार्च रोजी शेरीफच्या सॅंड वेल्स ठाण्यात स्वतःहून हजर होऊन डेप्युटी सिस्नेरोस यांच्या समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर माझ्या लहान ट्रेलरमध्ये एकटी राहते. दोन वर्षांपासून राहत्या ट्रेलरांचा काटा करणाऱ्या कंपनीत आहे. कंपनी श्रीमती ग्लेंडा पॅरिश यांची असून काम करणाऱ्या आम्ही दोघीच आहोत. हिवाळ्यात उत्तरेकडची निवृत्त माणसे ट्रेलर घेऊन इकडे उतरतात. त्यांचे मेळावे भरतात, तिथे आम्ही काटे घेऊन जातो. प्रत्येक चाकाखाली वेगळा काटा ठेवून त्या एका चाकावर किती भार आहे ते पाहतो आणि त्यावरून त्या टायरमध्ये हवा किती ठेवायची ते सांगतो. हवा कमी पडली तर टायर तापून फुटतो. भाराच्या मानाने जास्त झाली तर ट्रेलर उडत चालतो आणि आतली कपाटे खिळखिळी होतात. भार टायरच्या ताकदीपेक्षाच जास्त असेल तर कोणतीही हवा बरोबर नसते. तेव्हा सामान उतरवायला सांगायचे असते.

वजन सकाळी घेतो आणि संध्याकाळी प्रत्येक कुटुंबाला वेगळे बसवून सांगतो. चारचौघांत सांगत नाही. यातले बरेच जण घर विकून निघालेले असतात. जे काही आहे ते ट्रेलरमध्येच असते आणि त्यातले काय टाकायचे हे परक्यांसमोर बोलण्यासारखे नसते. हा नियम श्रीमती पॅरिश यांचा आहे व तो चांगला आहे.

शुक्रवार, दि. ६ मार्च रोजी सकाळी जत्रेच्या मैदानावरच्या मेळाव्यात मी मर्ल टॉलेफसन, वय ७४, व त्यांच्या पत्नी आर्डिस, वय ७२, मूळ राहणार नॉर्थ डकोटा, यांच्या ट्रेलरचा काटा केला. ट्रेलर चार चाकांचा असून त्याचा पुढचा भाग पिकअपच्या हौद्यातल्या जोडावर टेकतो. याला फिफ्थ-व्हील म्हणतात. डाव्या मागच्या चाकावर ३,९१० पाउंड भार निघाला. त्या टायरवर ऐंशी हवेला ३,५२० पाउंड अशी मर्यादा छापलेली आहे, आणि ऐंशीच्या वर हवा भरू नये असेही छापलेले आहे. म्हणजे भार ३९० पाउंड जास्त होता. मी काटा काढून पुन्हा लावला. आकडा तोच आला. उरलेली तीन चाके मर्यादेत होती.

काटा लावताना त्या चाकामागचा सामानाचा कप्पा उघडा होता. आत काचेच्या बरण्या टॉवेलांत गुंडाळून वरपर्यंत रचल्या होत्या. आर्डिस यांनी एकेक दाखवून सांगितले: बीट, फरसबी, टोमॅटो, चोकचेरीचा जॅम. विकलेल्या घरामागच्या बागेतले ते शेवटचे पीक होते. त्यांनी मला व्हिनेगरमधल्या बीटची एक बरणी काढून दिली. मी नको म्हणाले तेव्हा त्या म्हणाल्या, "घे गं, तेवढंच आमचं ओझं हलकं." मी घेतली. विचारल्यावरून सांगते की, बरणी माझ्याकडे आहे. बीट मी खाल्ले.

दुपारी मंडपात जेवण चालू होते. प्रत्येकाने आपापला पदार्थ आणलेला होता. दुसऱ्या दिवशी जोराचा वारा सुटणार असे कळल्यामुळे टॉलेफसन यांनी त्याच दुपारी निघायचे ठरवले. मी मंडपाच्या कडेला काटे पुसत होते. मर्ल माझ्याकडे येऊन म्हणाले की संध्याकाळपर्यंत काही थांबत नाही, हवा किती ठेवू तेवढे सांग. आर्डिस त्यांच्याबरोबर होत्या. मेळाव्यातले लायल क्रूगर आणि आणखी पाचसहा जण लगेच जमले. हवेचा विषय निघाला की ही मंडळी भरल्या ताटावरून उठतात. क्रूगर यांचे म्हणणे पडले की पासष्टच्या वर हवा म्हणजे दगडावर बसून जाणे. दुसऱ्या एका गृहस्थांचे म्हणणे, टायरवर छापली आहे तेवढी भरावी आणि पुढचे देवावर सोडावे.

क्रूगर म्हणाले, "मर्ल, तुझा प्रश्न हवेचा नाहीच. आर्डिसचं अख्खं दुकान घेऊन फिरतोयस तू. काय पोरी, बरण्यांचं वजन धरलंस ना, की एक मिळाली म्हणून गप्प बसलीस?"

सगळे हसले. मीही हसले. आर्डिस यांच्या हातात केकची बशी होती. त्या सगळ्यांच्या नंतर हसल्या.

मर्ल म्हणाले, "त्याला बडबडू दे. तू सांग."

मी म्हणाले, "ऐंशी. टायर गार असताना."

हा आकडा खोटा नाही. त्या टायरला ऐंशीच देता येते. पण ते उत्तर नव्हते. गाडी जागेवरून हलवू नका, हे उत्तर होते. ३९० हा आकडा मला त्या क्षणी आठवत होता. दोघांना मंडपाबाहेर बोलावून सांगता आले असते. मी त्यांना सांगितले नाही. का, असे विचारल्यावरून सांगते की, आर्डिस समोर उभ्या होत्या आणि लोक नुकतेच हसले होते. याहून वेगळे कारण माझ्याकडे नाही.

मर्ल यांनी स्वतः वाकून चारही टायरांत हवा भरली. मग हवेचे मीटर घेऊन माझ्याकडे आले आणि प्रत्येक चाकाला लावून दाखवले. म्हणाले, "चारही ऐंशी. बघ, उगाच कमीजास्त नको." मी "छान" म्हणाले.

साधारण तीन वाजता ट्रेलर मैदानातून निघाला. तो माझ्या समोरून गेला. डावा मागचा टायर भाराने दबून खालच्या बाजूला पुढच्या टायरपेक्षा जास्त फुगलेला होता. मला ते दिसले. आर्डिस यांनी खिडकीतून हात केला. मीही केला. त्यांचा फोन क्रमांक आमच्याकडे नोंदलेला होता. मी फोन केला नाही.

पुढचे मी पाहिलेले नाही. ठाण्यातून कळले ते असे की, खिंडीनंतरच्या उतारावर डावा मागचा टायर फुटला. त्याच्या चिंध्यांनी तळाची गॅसची नळी तोडली आणि ट्रेलर पेटला. आग कडेच्या झुडपांतही गेली. पिकअप वाचवण्यासाठी जोड सोडवताना मर्ल यांचे दोन्ही तळहात भाजले. आर्डिस यांना इजा नाही. ट्रेलरमधले काही उरले नाही. त्यांना दुसरे घर नाही.

शनिवारी मर्ल यांनी डेप्युटी सिस्नेरोस यांना जबाब दिला की, काट्यावरच्या मुलीने मला भार जास्त असल्याचे सांगितले होते, बरण्या उतरवा असेही बजावले होते, पण मी ऐकले नाही. खातरजमा करण्यासाठी ठाण्यातून श्रीमती पॅरिश यांना फोन आला. त्यांनी मला बोलावून घेतले व म्हणाल्या, "तो स्वतःच म्हणतोय. तुला नुसतं हो म्हणायचंय." मी म्हणाले की तसे झालेले नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "कॉरी, तुझं काट्याचं प्रमाणपत्र गेलं की माझं दुकान बंद. वाईट वाटत असेल तर त्यांच्यासाठी वर्गणी काढू. मीच पहिली देते." श्रीमती पॅरिश यांनी मला याआधी कधीही खोटे बोलायला सांगितलेले नाही, हे नमूद करावे.

काल, सोमवारी, मी इस्पितळात जाऊन टॉलेफसन पतिपत्नींना भेटले. मर्ल यांचे दोन्ही हात पट्ट्यांनी बांधलेले होते. आर्डिस त्यांना चमच्याने सूप भरवत होत्या. मी विचारले की तुम्ही असा जबाब का दिला. ते म्हणाले, "हट्टी म्हातारा म्हटलेलं मला चालतं, सवय आहे. मी गावी धान्याच्या कोठारावर आयुष्यभर काटाच करत होतो. काटेवाल्याचं नाव एकदा गेलं की त्याच्याकडे कोणी गाडी घालत नाही. आणि तू सव्वीसची आहेस."

मी त्यांना सांगितले की, जास्त भार आहे हे माहीत असताना गाडी हाकली असे ठरले, तर विमा कंपनी ट्रेलरचे काहीही देणार नाही. मर्ल म्हणाले, "बघू ते." आर्डिस म्हणाल्या की विम्याचा माणूस आदल्या दिवशीच येऊन हे बोलून गेला आहे. मग चमचा पुसून त्या मला म्हणाल्या, "याला खोटं जमत नाही. दुसऱ्यांदा विचारलं की अडखळेल." आणि थोड्या वेळाने, "तू सांगितलं असतंस तर मी काढल्या असत्या बरण्या. रडले असते जराशी, पण काढल्या असत्या."

मी सूप संपेपर्यंत थांबून निघाले.

तरी सांगते की, मर्ल टॉलेफसन यांच्या जबाबातला माझ्याविषयीचा मजकूर खरा नाही. मी त्यांना भार जास्त असल्याचे कळवले नव्हते. बरण्या उतरवा असे म्हणाले नव्हते. त्यांनी मला विचारले, मी सांगितले ते ऐकले आणि तसेच केले. गाडी निघाली तेव्हा चारही चाकांत हवा बरोबर ऐंशी होती. त्यांच्या हातून कोणतीही चूक झालेली नाही. शुक्रवारच्या वजनाचे आकडे मी सोबत देत आहे.

या जबाबामुळे माझे प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, तसेच विमा कंपनी माझ्यावर दावा लावू शकते, हे डेप्युटी सिस्नेरोस यांनी मला समजावून सांगितले. ते मला समजले आहे. मी ठाण्यात येत असल्याचे श्रीमती पॅरिश यांना सकाळी कळवले होते. त्यांनी फोन ठेवला.

वरील जबाब डेप्युटी सिस्नेरोस यांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यांनी एका ठिकाणी "सांगायचे राहून गेले" असे लिहिले होते. ते राहून गेलेले नाही. माझ्या म्हणण्यावरून ते शब्द खोडून तिथे "सांगितले नाही" असे लिहिले असून शेजारी मी सही केली आहे. बाकी मजकूर मी बोलले तसाच आहे व बरोबर आहे.

कॉरीन मे बॅलार्ड