राणीला म्हटलेलं 'आपण'

कर्वेनगरला बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघं उभी. नुकताच साखरपुडा झालेला, त्यामुळे अजून अहो-जाहो.

"शुभंकर, मालिकेच्या कालच्या भागात यान सुटताना कप्तान राणीला म्हणाला, 'आपण निघावं.' म्हणजे सोबत नेलं की हाकललं?"

"नम्रता, तो आदर होता. 'तुम्ही निघा.'"

"छे! दोघांनी मिळून निघायचं, ते 'आपण'."

"अहो, यानात खुर्ची एकच होती."

"कंपनीनं तुम्हाला अमेरिकेचं तिकीटही एकच दिलंय. परवा मला म्हणालात, 'आपण अमेरिका बघावी.' तोही आदरच का?"

शपथेवर सांगतो, आलेल्या बसनंही इंजिन बंद करून कान दिला.

शुभंकर घाईनं म्हणाला, "आदर कसला? तुमच्या व्हिसाला लग्नाचा दाखला लागतो. याच महिन्यात उरकू या. पण तुमच्या बाबांना कोण सांगणार?"

"आपण!" म्हणत नम्रता एकटीच बसमध्ये चढली.